छोट्या मैफलींसाठी परवडणारा, हातात नेता येणारा अ‍ॅम्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या छोट्या कार्यक्रमांत आवाजाची बाजू मी सांभाळतो. धंदा नाही, हौस आहे. कॅफेतलं गिटार-गाणं, दिवाणखान्यातली भावगीतांची बैठक, मंगळागौर, डोहाळजेवण, हुरडा पार्टी, सोसायटीचा गणपती असे वीसपासून शंभर माणसांपर्यंतचे कार्यक्रम. त्यातून ओळखी वाढल्या आणि फोनवर अ‍ॅम्पबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागले. अ‍ॅम्प म्हणजे इथे माइक आणि गिटार थेट जोडता येणारा, स्पीकर आतच असलेला अकूस्टिक अ‍ॅम्प. ते इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. घरात चांगला ब्लूटूथ स्पीकर आहे. त्यालाच माइक जोडला तर काय बिघडलं?

बहुतेक स्पीकरना माइक जोडायची सोयच नसते. मागे ऑक्सचं भोक असलं तरी ते फोनसारख्या उपकरणासाठी असतं. माइकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, म्हणजे त्या भोकाला हवा त्याच्या कितीतरी पटींनी दुबळा. माइक लावलात तर कुजबुज ऐकू येईल. फोनच्या माइकमधून ब्लूटूथने आवाज पाठवायचा उद्योगही काही जण करतात. तिथे शब्द तोंडातून निघतो आणि स्पीकरमधून जरा मागाहून येतो. तो उशीर सेकंदाचा दशांश-दोन दशांशच असतो, पण गाणाऱ्याची लय घालवायला तेवढा पुरतो.

अ‍ॅम्प घेताना तुम्ही स्पीकरच्या पैशात आत बसवलेला छोटा मिक्सरही घेता. माइकची ताकद वाढवणारा भाग, गिटारसाठी योग्य इनपुट आणि प्रत्येकाचं वेगळं बटण, हे सगळं त्यात येतं.

२. भाच्याचा इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प पडून आहे. तो चालेल का?

तालमीला चालेल, कार्यक्रमाला नको. इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प मुद्दामच आवाजाला रंग देतो. त्याच्या स्पीकरला ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजांसाठीचा छोटा स्पीकर, नसतो आणि साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढचं तो जवळजवळ गाळून टाकतो. इलेक्ट्रिक गिटारला ते शोभतं, पण माणसाच्या आवाजातले ‘स’, ‘श’, ‘च’ तिथेच राहतात. शब्द कांबळं पांघरून आल्यासारखे वाटतात, आणि भावगीतात शब्दच गेले तर उरलं काय?

कीबोर्डचा अ‍ॅम्प कुणाकडे पडून असेल तर मात्र आनंदाने घ्या. तो अकूस्टिक अ‍ॅम्पचा सख्खा भाऊ आहे. फक्त वजनाने जड असतो.

३. किती वॉटचा घेऊ?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. लोकांना एक आकडा हवा असतो, म्हणून आधी आकडे देतो. दिवाणखान्यात २०-३० माणसं असतील तर खरे १५ ते २० वॉट. कॅफे किंवा छोट्या हॉलमध्ये ५०-६० माणसं असतील तर ३० ते ६०. गच्ची किंवा अंगण असेल तर ६०च्या खाली जाऊ नका.

‘खरे’ हा शब्द का घातला ते जरा पुढे सांगतो. आधी वॉट आणि आवाजाचं नातं. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तेवढा फरक जेमतेम कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट वॉट लागतात. त्यामुळे ३० वॉट आणि ४० वॉट यांत निवड करायला बसणं म्हणजे वेळ घालवणं. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता मोठी गोष्ट आहे. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, तो हा आकडा. ९० डेसिबलचा स्पीकर ३० वॉटवर एक मीटरला सुमारे १०५ डेसिबल देतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे आठ मीटरवर ८७ उरतात. समोरासमोरचं साधं बोलणं ६०च्या आसपास असतं हे लक्षात घेतलं तर ८७ पुष्कळ झाले. हाच स्पीकर ८७ डेसिबलचा असता तर तेवढ्याच आवाजाला ६० वॉट लागले असते. खोलीत भिंतींमुळे आवाज एवढा पडत नाही, म्हणून तिथे कमी वॉटमध्ये भागतं.

आता ‘खरे’ वॉट. खोक्यावर ‘पीएमपीओ’ असं लिहून पुढे हजारोंचा आकडा असेल तर तो वाचूच नका. ती क्षणभराच्या उसळीची कागदी बेरीज असते. ‘आरएमएस’ शब्दापुढचा आकडा शोधा, ती सतत मिळणारी खरी ताकद. तो दिलाच नसेल तर तेही एक उत्तरच आहे. मी स्वतः हौसेने भल्यामोठ्या आकड्याचा एक ट्रॉली स्पीकर मागवला होता. बायकोच्या मावशींच्या पंच्याहत्तरीला तो अर्ध्यावर नेला आणि मावशींचं मनोगत पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं सगळ्यांनी ऐकलं.

४. स्पीकर किती इंची असावा? आणि वजन?

पाच इंची स्पीकर आवाज आणि गिटारला पुरतो. साडेसहा इंचीत खर्जाला थोडा देह येतो. आठ इंचीत पुरुषी आवाज आणि गिटारच्या जाड तारा खुलतात. दहा इंचीच्या पुढे गेलात की ‘हातात नेता येणारा’ हे शब्द खोटे ठरतात. स्पीकर कितीही इंची असो, सोबत छोटा ट्वीटर आहे का ते पाहा. कारण प्रश्न २मध्ये आलंच आहे.

वजनाबाबत माझं मोजमाप स्कूटर आहे. स्कूटरच्या पायाशी उभा राहील आणि एका हाताने लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन जिने चढवता येईल, तोच तुमचा अ‍ॅम्प. माझ्या वयाला ही मर्यादा आठ किलो आहे. बारा किलोचा अ‍ॅम्प दुकानात हलका लागतो, कार्यक्रमाच्या रात्री साडेअकराला नाही.

५. चॅनल किती हवेत?

दोन तर हवेतच, एक माइकला आणि एक वाद्याला. शिवाय फोनसाठी ऑक्स किंवा ब्लूटूथ. दोन चॅनलना वेगवेगळे ट्रेबल-बास असावेत. दोघांना मिळून एकच टोनचं बटण असेल तर गिटारचा बास कापताना गायकाचाही कापला जातो. दोघे गाणारे आणि एक गिटार असेल तर तीन चॅनल लागतात. पण दोन चॅनलचा चांगला अ‍ॅम्प आणि बाहेरून छोटा चार चॅनलचा मिक्सर ही जोडी तीन चॅनलच्या सुमार अ‍ॅम्पपेक्षा कधीही बरी.

माइकसाठी एक्सएलआरचं भोक हवं, म्हणजे तीन टोकांची गोल पिन बसते ते. काही अ‍ॅम्पमध्ये गोल पिन आणि मोठा जॅक दोन्ही बसतील असं एकच भोक असतं, तेही उत्तम. फक्त मोठ्या जॅकचीच सोय असेल तर लांब वायरीतून खरखर यायची शक्यता वाढते.

६. माझ्या गिटारला पिकअप नाही. किंवा आहे, पण आवाज पातळ येतो. काय करू?

पिकअप म्हणजे गिटारचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. तो नसेल तर दोन वाटा. गिटारसमोर माइक लावणं स्वस्त पडतं आणि आवाजही गोड येतो, पण शिट्टी मारायची भीती जास्त (प्रश्न ११). दुसरी वाट म्हणजे पिकअप बसवून घेणं. साउंडहोलवर, म्हणजे गिटारच्या मधल्या भोकावर, चिमट्यासारखा बसणारा पिकअप स्वतःलाही लावता येतो. तारा टेकतात त्या पांढऱ्या पट्टीखाली बसणारा पिएझो पिकअप मात्र कारागिराकडून बसवून घ्यावा.

पातळ, टिणटिण आवाजाचं कारण बहुतेकदा जोडणीत असतं. पिएझोला १ मेगाओहम (दहा लाख ओहम) किंवा त्याहून जास्त इम्पिडन्सचं, म्हणजे विजेला तेवढा अडथळा असलेलं, इनपुट लागतं. अकूस्टिक अ‍ॅम्पच्या गिटार चॅनलला ते असतं. माइक किंवा लाइन इनपुटला ते काही हजार ओहमच असतं, आणि तिथे पिएझो लावला की त्याचा खालचा सगळा सूर गळून जातो. गिटारच्या कुशीवर बटणं असलेला, ९ व्होल्टच्या सेलवर चालणारा, पिकअपचा सिग्नल आधीच सबळ करणारा प्रीअ‍ॅम्प असेल तर ही अडचण येत नाही. तो सेल कॉर्ड खोचलेली असेपर्यंत खर्च होत राहतो, म्हणून कार्यक्रम झाल्यावर कॉर्ड काढून ठेवा. ऐन कार्यक्रमात गिटार फाटका वाजू लागला तर दहातल्या नऊ वेळा दोष त्या सेलचा असतो.

७. पेटी आणि तबल्याला वेगळा माइक लागेल का?

तीस माणसांच्या खोलीत नाही. पेटी हे मुळातच खणखणीत वाद्य आहे. गायक स्वतः पेटी वाजवत असेल तर त्याच्या तोंडासमोरच्या माइकमध्ये ती आपोआप येते, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्तच. मोठ्या जागेत माइक लावायचाच असेल तर पेटीच्या वरून, वीतभर-दीड वीत अंतरावर, सुरांच्या बाजूला तिरका धरा. भात्यासमोर धरलात तर वाऱ्याचा फुसफुसाट आणि भात्याची खटखट तेवढी ऐकू येईल.

तबल्यातला दाया गर्दीतूनही कापत जातो. डग्ग्याचा घुमारा पाच-साडेसहा इंची स्पीकरला पेलतच नाही. तो ओढून ताणून वाजवायला गेलं की गायकाचा आवाजही फाटतो. म्हणून छोट्या अ‍ॅम्पवर डग्ग्याला माइक देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तबलजी रुसले तर त्यांना पुढे बसवा.

भजनी मंडळाचं गणित आणखी सोपं आहे. दहा टाळ आणि एक मृदंग यांना अ‍ॅम्पची गरज नसते. त्यांच्यातून शब्द वर यावेत एवढंच काम असतं. सगळी ताकद बुवांच्या आणि मागे ओढणाऱ्या एका-दोघांच्या माइकला द्या.

८. पंधरा हजारांत सगळं बसवायचं आहे. पैसे कसे वाटू?

लोक चौदा हजारांचा अ‍ॅम्प घेतात आणि त्याच्यासोबत चारशे रुपयांचा माइक. उलट करा, असं नाही म्हणत, पण माइकसाठी तीन-चार हजार आधी बाजूला काढा. स्टँड आणि दोन चांगल्या कॉर्डना दीड-दोन हजार. उरलेल्या नऊ-दहा हजारांत बॅटरी नसलेला, दोन चॅनलचा साधा अ‍ॅम्प शोधा किंवा जुना घ्या (प्रश्न १४). अ‍ॅम्प पुढे बदलला तरी माइक तुमच्याजवळच राहतो.

माइक डायनॅमिक आणि कार्डिऑइड असावा, म्हणजे पुढचं ऐकणारा आणि पाठीमागचं न ऐकणारा. त्याला वेगळी वीज लागत नाही. शुअरचा एसएम५८ १९६६पासून या कामाला आहे आणि अजूनही सगळे त्याच्याशीच तुलना करतात. तो बजेटमध्ये बसला तर डोळे झाकून घ्या, पण दुकान डोळे उघडे ठेवून निवडा. त्याच्या नकला ढिगाने मिळतात. अर्ध्या किमतीत ‘ओरिजिनल’ मिळतोय म्हणजे तो ओरिजिनल नाही.

९. कंडेन्सर माइक आहे. तो अ‍ॅम्पला चालेल?

त्याला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्या वायरीतूनच दिलेली वीज, लागतो आणि स्वस्त अ‍ॅम्पमध्ये तो क्वचितच असतो. महागातही असेलच असं नाही. फिशमन लाउडबॉक्स मिनी आणि बोसचा पहिला एस१ प्रो ही नावाजलेली मॉडेलं आहेत, पण दोन्हींत फँटम नाही. मध्ये छोटा मिक्सर लावून तो देता येतो. तरीही छोट्या जागेत कंडेन्सर नकोच. तो पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या काकूंची कुजबुज सगळं टिपतो.

१०. बॅटरीवर चालणारा घ्यावा का?

वर्षातून दोनदा गच्चीवर गाणार असाल तर एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो. बॅटरीचे पैसे स्पीकरमध्ये घाला. शेतावर, घाटावर, बागेत किंवा दिवे जाणाऱ्या गावात नेहमी कार्यक्रम असतील तर मात्र घ्याच.

बॅटऱ्यांचे तीन प्रकार भेटतात. एक, साधे एए सेल. रोलंडच्या एसी-३३ला आठ लागतात. दर वेळी नवे अल्कलाइन घालणं परवडत नाही. निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल घ्या, सगळे एकाच कंपनीचे आणि एकदम घेतलेले. जुने-नवे मिसळले की सर्वांत अशक्त सेल बाकीच्यांना ओढतो. या प्रकाराचा मोठा फायदा म्हणजे सेल मेले तर गावच्या किराणा दुकानातही मिळतात. दोन, आत बसवलेली लिथियम बॅटरी. हलकी आणि टिकाऊ, पण चार-पाच वर्षांनी दमली की बदलून मिळेल का, हे घेतानाच विचारा. तीन, ट्रॉली स्पीकरमधली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी. स्वस्त आणि जड. ती रिकामी करून माळ्यावर टाकली की मेलीच. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावायची सवय असेल तरच हा प्रकार घ्या.

कंपनी जे तास सांगते ते मध्यम आवाजाचे असतात. बोस एस१ प्रोला ११ तासांपर्यंत असं म्हटलं जातं, पण बटण टोकाला नेलंत तर तेवढे मिळणार नाहीत. मी कंपनीचा आकडा निम्मा धरतो. काही अ‍ॅम्प बॅटरीवर असताना वॉटही कमी देतात. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात असतं, तेवढं वाचा.

११. शिट्टी मारतो! काय करू?

माइक स्पीकरचा आवाज ऐकतो, तो पुन्हा स्पीकरमध्ये जातो, पुन्हा माइकमध्ये येतो आणि हे चक्र चढत जातं, तीच शिट्टी. म्हणजे पहिला इलाज बटणात नाही, जागेत आहे.

अ‍ॅम्प गायकाच्या पाठीमागे ठेवलात तर गायकाला छान ऐकू येतं, पण माइकलाही येतं. तो गायकाच्या एका बाजूला, माइकच्या रेषेपेक्षा थोडा पुढे ठेवा आणि तोंड श्रोत्यांकडे करा. माइकची शेपटी अ‍ॅम्पकडे येईल असं पाहा. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका. पहिल्या रांगेच्या गुडघ्यांनी आवाज शोषला की मागचे ‘आवाज वाढवा’ म्हणतात, तुम्ही वाढवता आणि शिट्टी येते. लोक खुर्च्यांवर असतील तर अ‍ॅम्प डोक्याच्या उंचीला हवा. सगळे सतरंजीवर असतील तर साधं स्टूल पुरतं. भारतीय बैठकीचा हा एक फायदाच आहे. अ‍ॅम्पच्या बुडाला ३५ मिलिमीटरचं भोक असेल तर साउंडवाल्यांकडचा नेहमीचा स्टँड बसतो.

मग तोंड माइकजवळ आणा. अंतर निम्मं केलं की माइकला सुमारे ६ डेसिबल जास्त मिळतात, फुकटात. हौशी गायक माइकची जाळी मुठीत धरतात, ते बंद करायला सांगा. जाळी झाकली की माइक चोहीकडचं ऐकायला लागतो. न वापरला जाणारा माइक बंद ठेवा.

एवढं करूनही गिटारमधून घूं येत असेल तर साउंडहोलवर रबराची चकती बसवा. गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि घूं बहुधा तिथूनच सुरू होतो. अ‍ॅम्पवर फेज किंवा नॉच नावाचं बटण असेल तर ते याच कामाचं आहे. फेज दाबून पाहा, जे बरं लागेल ते ठेवा. नॉच घूं थांबेपर्यंत हळूहळू फिरवा. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, मात्र कमी करा. बाथरूममध्ये गोड लागतो तो रिव्हर्ब हॉलमध्ये घात करतो.

१२. नेमकं कोणतं मॉडेल घेऊ, ते सांगा ना.

मला हे टाळता आलं असतं तर बरं होतं, कारण किमती दर दिवाळीला बदलतात. तरी दिशा सांगतो.

फक्त गिटार आणि एक आवाज, घरगुती जागा, बजेट कमी: १५ वॉटच्या वर्गातले अ‍ॅम्प पाहा. फेंडरचा अकूस्टासॉनिक १५ दोन चॅनलचा, सहा इंची स्पीकरचा आहे. बॅटरी नाही. तीसपेक्षा जास्त माणसांसमोर नेऊ नका.

बॅटरी हवी आणि वजन नको: रोलंड एसी-३३. दोन पाच इंची स्पीकर, वजन पाच किलोच्या आत. जुना मिळाला तर सोनं.

उघड्यावर वाजवणारे: रोलंड क्यूब स्ट्रीट ईएक्स. ५० वॉट, आठ एए सेल, साडेसात किलोच्या आसपास. ताकद कमी-जास्त करायचा खटका आहे, त्यामुळे सेल वाचवता येतात.

गिटारचा सूर ज्यांना जीव की प्राण आहे ते: फिशमन लाउडबॉक्स मिनी. ६० वॉट. यातल्या ‘चार्ज’ नावाच्या प्रकारात बॅटरी येते.

शेवटचे तिन्ही ‘परवडणारे’ या शब्दाला बरेच ताणतात, हे मान्य. म्हणूनच पुढचे दोन प्रश्न वाचा.

१३. त्याच पैशात मोठा ट्रॉली स्पीकर किंवा आहुजाचा सेट मिळतो. तो का घेऊ नये?

तुमचं काम बोलण्याचं असेल तर घ्या. हळदीकुंकवाची सूचना, सत्यनारायणाची कथा, सोसायटीची सभा, प्रवचन यांसाठी आहुजाची हातात नेण्यासारखी यंत्रं वर्षानुवर्षं देवळांत आणि शाळांत चालताहेत. दुरुस्ती कुठेही होते, सुटे भाग मिळतात. हा गुण मी वॉटपेक्षा वर धरतो.

ट्रॉली स्पीकरचं तसं नाही. त्यात बास फुगवलेला असतो, लुकलुकणारे दिवे असतात आणि सोबतचे दोन कॉर्डलेस माइक खेळण्यातले असतात. कराओकेला मजा येते. गिटार लावलात तर मात्र प्रश्न ६मधली टिणटिण ऐकू येईल.

मला विचाराल तर कमी बजेटच्या संचाला तिसरा पर्याय सर्वांत चांगला: आठ किंवा दहा इंची एकच पॉवर्ड स्पीकर, म्हणजे आतच अ‍ॅम्प असलेला, आणि सोबत छोटा मिक्सर. दिसायला देखणं नाही, वायरी दोन जास्त होतात. पण आवाज स्वच्छ येतो, एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि पेटी, गिटार, तीन गायक सगळे सामावतात.

१४. जुना घ्यावा का? दुकानात नेमकं काय तपासू?

जरूर घ्यावा. अ‍ॅम्प हे गाडीसारखं झिजत नाही. मुंबईत धोबी तलावच्या जेर महालातलं फुर्टाडोज, लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली अशा ठिकाणी एक चक्कर मारली की नव्याचा भाव कळतो, मग जुन्याची घासाघीस करता येते.

तपासायला स्वतःची गिटार, स्वतःचा माइक आणि स्वतःची कॉर्ड न्या. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळेच अ‍ॅम्प गातात. आधी काहीही न जोडता आवाज वाढवा. बारीक सळसळ चालते, घर्रर्र नको. प्रत्येक बटण हळू फिरवा. खरखरलं तर धूळ आहे, तेवढ्याने सौदा मोडू नका, भाव पाडा. जॅक खोचून हलवा. आवाज तुटला तर आतला सांधा सुटलाय. मग आवाज पाऊणपर्यंत न्या आणि खर्जातला सूर लांबवा. स्पीकर फडफडला तर नमस्कार करून बाहेर या. बॅटरीचा असेल तर चहा पिऊन येईपर्यंत बॅटरीवरच चालू ठेवायला सांगा. दुकानदार यालाच नाही म्हणत असेल तर काय समजायचं ते समजा.

शेवटी सोबतच्या माणसाला बोलायला लावा आणि तुम्ही दुकानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा. गाणं नाही, नुसतं बोलणं. शब्द कळतायत का, एवढंच ऐका.

१५. बहीण अमेरिकेतून येतेय. तिकडे स्वस्त आहे. आणायला सांगू का?

आधी अ‍ॅम्पच्या पाठीवरचं लेबल फोटोत मागवा. ‘१००–२४०’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागते. नुसतं १२० असेल आणि तुम्ही तो आपल्या २३० व्होल्टला लावलात, तर पैसे धुरात गेले. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो वागवत फिरायचं म्हणजे ‘हातात नेता येणारा’ म्हणून घेतलेल्या वस्तूचं वजन वाढवणं. जपानहून आणणाऱ्यांनीही सावध राहा, तिकडे १०० व्होल्ट असतात.

लिथियम बॅटरीचा असेल तर विमानाचा नियम आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा अडवत नाहीत. १०० ते १६०मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते. सुटी बॅटरी कधीच चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, ती सोबतच्या बॅगेतच. वॉरंटीचं म्हणाल तर तिकडची इकडे चालेल असं गृहीत धरू नका.

१६. अ‍ॅम्पमधून सतत ‘हूं’ येतं. बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. ५० हर्ट्झच्या विजेचा तो गुणगुणाट असतो. आधी कॉर्ड बदलून पाहा. मग पंख्याचा रेग्युलेटर, दिव्यांच्या माळा, मोबाइलचे चार्जर यांच्यापासून वेगळा बोर्ड घ्या. गणपतीत अ‍ॅम्प आणि लुकलुकती माळ एकाच बोर्डावर असणं हे नेहमीचं दुखणं आहे. लॅपटॉप जोडल्यावरच आवाज येत असेल तर त्याचा चार्जर काढून पाहा.

हूं घालवायला कुणी तीन पिनांतली अर्थिंगची पिन मोडायला सांगेल. अजिबात करू नका. गायकाचे ओठ माइकच्या धातूला लागलेले असतात.

१७. कॅफेत किंवा हॉलमध्ये त्यांची स्वतःची सिस्टीम असते. मग माझा अ‍ॅम्प न्यायचा कशाला?

स्वतःला ऐकायला. अ‍ॅम्पच्या मागे लाइन आउट किंवा डीआय आउट असेल तर तिथून एक वायर हॉलच्या मिक्सरला द्या. लोक त्यांच्या स्पीकरवर ऐकतील, तुम्ही तुमच्या. शंभरच्या वर श्रोते अचानक वाढले तरी हाच मार्ग, छोट्या अ‍ॅम्पला रडवू नका. एक खोच मात्र आहे. काही अ‍ॅम्पमध्ये तुम्ही आवाजाचं मुख्य बटण फिरवलं की बाहेर जाणारा आवाजही बदलतो. ते घरीच तपासून ठेवा, नाहीतर साउंडवाला आणि तुम्ही कार्यक्रमभर एकमेकांवर चिडाल.

१८. फोनवरचा तानपुरा किंवा कराओके ट्रॅक ब्लूटूथवर चालतो का? प्रश्न १मध्ये तर नाही म्हणालात.

तिथे तुमचा गळा ब्लूटूथने जात होता. इथे फक्त साथ जाते. ट्रॅक उशिरा पोचला तरी तुम्ही तो स्पीकरवर ऐकूनच गाता, त्यामुळे फरक पडत नाही. फोन विमान मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू करा. तानपुऱ्यावर व्हॉट्सअ‍ॅपचं टिंग ऐकलेल्या प्रत्येकाला हे पटेल. वायर लावायची सोय असेल तर मी वायरच लावतो.

१९. सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरी आहे. छोटाच अ‍ॅम्प आहे, परवानगी लागते का? आणि दहानंतर काय?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांत अ‍ॅम्प छोटा की मोठा असा भेद नाही. ध्वनिवर्धक लावायला लेखी परवानगी लागते. व्यवहारात तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय १०० मीटरच्या आत असेल तर तो शांतता क्षेत्राचा प्रश्न होतो, तिथे गच्चीचा नाद सोडा.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत मुभा देऊ शकतं. कोजागिरी त्या यादीत आहे का, हे त्या वर्षीच्या आदेशात पाहायला हवं. आता फसवी बाजू. ‘अ‍ॅम्प बंद करून नुसती पेटी-ढोलकी वाजवली तर?’ असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. २०१०मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि रात्रीच्या बंदीत वाद्यंही आली. सभागृह, समाजमंदिर यांसारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत, मात्र चालतं.

आमच्याकडे म्हणून साडेसातला गाणं सुरू होतं, पावणेदहाला शेवटची भैरवी होते आणि अ‍ॅम्प गुंडाळला जातो. दूध आटायला तसेही साडेदहा वाजतातच.